रोइमाताची काळी चांदी

१. उघडा खिळा

पुइयारोआ गावच्या पूर्वजगृहात पणजीच्या तसबिरीखाली एक खिळा आहे. काल सायंकाळी त्या खिळ्यावर रोइमाता विराजमान होती. आज सकाळी तो खिळा उघडा होता.

पिरिहिराआत्या त्या खिळ्यासमोर निश्चल उभ्या होत्या. साठी उलटलेल्या या बाईंनी रोटोरुआच्या पोलीस ठाण्यात अर्धी हयात घालविली होती. चोरी हा प्रकार त्यांना नवखा नव्हता. परंतु परक्याच्या घरची चोरी तपासणे निराळे, आणि आपल्याच पणजीचा दागिना पणजीच्याच डोळ्यांदेखत नाहीसा झालेला पाहणे निराळे. त्यांच्या अंतःकरणात दुःखाच्याही आधी संताप उसळला, आणि तो संताप त्या दिवशी सूर्य माथ्यावर येईपर्यंत शमला नाही.

रोइमाता म्हणजे आसवे. बोटभर लांबीचा, हिरव्या पाषाणाचा तो एक थेंब. त्याच्या माथ्यावर चांदीची टोपी. एका पाद्र्याने दिलेला चमचा ठोकून कोणा पूर्वजाने ती घडविली, असे सांगतात. या गावात जमिनीच्या भेगाभेगांतून अहोरात्र गंधकाची वाफ निघते, त्यामुळे येथे कोणाचीच चांदी पांढरी राहत नाही. ती टोपीही काजळासारखी काळी होती. तिला घासून उजळविण्याचा विचार कोणाच्या मनास कधी शिवला नाही. तो काळेपणा वाडवडिलांच्या श्वासाचा आहे, अशी गावाची भावना.

मराएच्या, म्हणजे पूर्वजगृहासमोरच्या सभास्थानाच्या, अंगणात पाहुण्यांना बोलाविण्यासाठी हाक घालण्याचा मान आत्यांचा. त्यांच्या आधी तो त्यांच्या आईचा होता आणि तिच्या आधी आजीचा. हाक घालताना गळ्यातील रोइमाता मुठीत घ्यायची आणि टोपीच्या पाठीवर अंगठा फिरवीत राहायचे, ही तिघींची खोड. हाक संपली की ती शालीखाली जाई. परक्यांना ती जवळून पाहावयास मिळतच नसे. परंतु यंदा पूर्वजगृहाला शंभर वर्षे पूर्ण झाली, म्हणून गावात सर्वांत वडील असलेल्या एरुएराकाकांनी ती खिळ्यावर टांगून सर्वांना दर्शन घेऊ दिले होते.

आणि कालची संध्याकाळ किती आनंदाची गेली होती! ज्वालामुखीच्या कड्यावर चढून, सरोवरात वल्ही मारून, रानात पक्षी पाहून दमलेले सहा पाहुणे आले. काकांनी स्वागताचे भाषण केले आणि ते नेहमीप्रमाणे लांबले. आमच्याकडे पुरुषाचे भाषण संपले की त्याच्या पाठबळासाठी बायका उभ्या राहून गातात. आणि भाषण फारच लांबले तर गाणे मध्येच सुरू करून त्याला खाली बसविण्याचा अधिकारही त्यांनाच असतो. गावाचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या आत्यांच्या वहिनीने, रिरिपेतीने, काल तेच केले. काका एक बोट उगारून थांबले, आणि मग स्वतःच खदखदा हसत खाली बसले.

त्याच घरात आता मृत्यूसारखी शांतता होती.

"काय झालं, पिरिहिराबाई? चेहरा असा का?"

मागे क्लाइव्ह पेम्बर्टन उभा होता. ऑकलंडहून पाहुण्यांच्या तुकड्या घेऊन येणारा हा सहलवाला गेली नऊ वर्षे गावाच्या अन्नावर वाढला होता, असे म्हटल्यास वावगे होऊ नये. तो रुमालाने हात पुसत होता. रुमालावर राखाडी चिखलाचे डाग होते. उष्ण चिखलाच्या कुंडाकडे जाण्याचा पाहुण्यांचा कार्यक्रम अद्याप व्हावयाचा होता.

आत्यांनी नुसते खिळ्याकडे बोट केले.

पेम्बर्टनने पाहिले आणि तो इतक्या मोठ्याने ओरडला, की रात्री त्याच घरात गाद्यांवर झोपलेले सारे पाहुणे ताडकन उठून बसले.

२. मक्याच्या कणसांखाली

भोजनगृहात सर्वजण जमले तेव्हा पेम्बर्टनच्या आवाजाला धार चढली होती.

"रात्री दाराशी कोण झोपलं होतं? हेनारे! आत-बाहेर करायला एकच दार आहे की नाही?"

हेनारे हा आत्यांचा भाचा, दिवंगत भावाचा आणि रिरिपेतीचा मुलगा. पाहुण्यांना डोंगरावर नेणारा वाटाड्या तोच, आणि पेम्बर्टनची गाडीही तोच चालवी.

"दाराशी मी झोपतो, कारण तुमच्या घोरण्यापासून तीच जागा सगळ्यात लांब आहे, साहेब," हेनारे म्हणाला.

कोणी हसले नाही.

"थट्टा सुचते? माझ्या पाहुण्यांच्या बॅगा उघडायची भाषा कराल तर याद राखा. आधी स्वतःचं स्वयंपाकघर बघा!"

या उद्धटपणाने आत्यांच्या मस्तकात तिडीक गेली. तथापि काकांनी होकारार्थी मान हलविली आणि सर्वजण मागील अंगणातील वाफेच्या पेटीकडे वळले. जमिनीतील वाफेवर बसविलेली ती लाकडी पेटी म्हणजेच गावाची चूल. काल जेवणे आटोपल्यावर रिरिपेतीने मक्याची कणसे आणि डुकराचे मांस टोपलीत भरून सकाळच्या न्याहारीसाठी आत ठेवले होते.

मेलबर्नच्या श्रीमती व्हिटलॉक, मनगटभर चांदीच्या बांगड्या घालणाऱ्या वृद्ध विधवा, पुढे होत्या. पेम्बर्टनने झाकण उचलले, वाफेचा लोट वर गेला, आणि बाईंनी चिमट्याने दोन कणसे बाजूला सारली.

"अग बाई!"

कणसांच्या खाली हिरवा थेंब चमकत होता. त्याच्या माथ्यावर काळी टोपी होती.

रिरिपेतीच्या हातातील डाव खाली पडला.

"मी नाही," ती म्हणाली. "सासूबाईंच्या गळ्यातलं मी मक्यात घालीन? अन्नात? वन्सं, तुम्ही तरी बोला!"

"टोपली कुणी भरली?" पेम्बर्टनने विचारले. "पेटीत कुणी ठेवली? दाराशी कुणाचा मुलगा होता? माय आतून, लेक बाहेरून. शहरात विकायला न्यायचा बेत असणार."

"तोंड सांभाळा!" हेनारे पुढे धावला. दोघांनी त्याला धरून ठेवले.

एरुएराकाका पुढे आले. त्यांनी खांद्यावरचे पांढरे फडके काढले, मान बाजूला वळविली आणि न पाहता ती वस्तू फडक्यात गुंडाळली. पूर्वजांची पवित्र वस्तू शिजलेल्या अन्नाला लागली, याहून मोठा विटाळ आमच्याकडे नाही. तिला हात लावायचा नाही, तिच्याकडे टक लावून पाहायचेही नाही.

"दुपारी पाहुणे निघायच्या आधी तिला पणजीशेजारी मातीत ठेवू," काका म्हणाले. "आता ती कुणाच्या गळ्यात घालण्यासारखी राहिली नाही."

"मी पोलिसांना फोन करते," आत्या म्हणाल्या.

"पोलीस कशाला?" पेम्बर्टनचा स्वर एकाएकी मवाळ झाला. "वस्तू मिळाली ना? गावाची अब्रू चव्हाट्यावर कशाला आणायची? माझं एवढंच म्हणणं, या बाईंच्या हातचं माझे पाहुणे पुन्हा खाणार नाहीत, आणि हा पोरगा माझ्या गाडीवर नको. एरवी माझ्या तुकड्या दुसरीकडे जातील."

सारे काकांकडे पाहू लागले. रिरिपेती काकांकडे पाहू लागली. तीस वर्षे तिने या माणसाला आपल्या हाताने जेवू घातले होते.

काकांनी तिच्या नजरेला नजर दिली नाही.

"तसं करू," ते हळूच म्हणाले.

३. बांगड्या आणि गप्पा

रिरिपेती आपल्या सुऱ्या फडक्यात बांधीत होती.

"जाते लेकीकडे हॅमिल्टनला," ती म्हणाली. "गोऱ्यानं चोर म्हटलं त्याचं मला काही नाही, वन्सं. तो बाहेरचा. पण काकांनी मान खाली घातली. सगळ्यांनी घातली. एक जणही म्हणाला नाही की ही असं करणार नाही."

"मी म्हणते."

"तुम्ही मनात म्हणालात. तोंडानं नाही."

हे बोलणे आत्यांच्या काळजात काट्यासारखे रुतले. कारण ते खरे होते. त्यांनी वहिनीच्या हातावर हात ठेवला.

"दुपारपर्यंत थांब वहिनी. मग जायचं तर मीच सोडायला येते."

ज्या वस्तूसमोर आमचे मूलही पाव खात नाही, ती वस्तू गावचा माणूस मक्यात कशी लपवील? म्हणजे चोर बाहेरचा, आणि चालीरीती न जाणणारा अडाणी. आत्यांनी मनाशी हा पहिला आडाखा बांधला आणि त्या पाहुण्यांना गाठू लागल्या.

डेन्मार्कचे निवृत्त शिक्षक श्री. ओस्टरगार्ड गळ्यात दुर्बीण अडकवून पायरीवर बसले होते.

"मला संशय त्या बांगड्यावाल्या बाईंचा," ते कुजबुजले. "काल त्यांनी तुमच्या हेनारेला तीनदा विचारलं, केवढ्याला द्याल म्हणून. तीनदा! मी तुई पक्ष्याचा आवाज टिपत होतो, त्या टेपमध्येसुद्धा पक्ष्याच्या मागून यांचं 'केवढ्याला, केवढ्याला' ऐकू येतंय."

आत्यांना हसू आले नाही, परंतु मन किंचित हलके झाले. त्या श्रीमती व्हिटलॉक यांच्याकडे गेल्या. त्या आपल्या बांगड्या रुमालाने रागारागाने घासत होत्या.

"बघा हो, बघा! माझ्या आईच्या बांगड्या. काल कशा लख्ख होत्या. नुसत्या त्या पेटीजवळच्या खिडकीत काढून ठेवल्या, तर सकाळी तव्यासारख्या काळ्या!"

"इथं चांदीचं असंच होतं. सोडा आणि गरम पाणी घेऊन घासा, उजळतील," आत्या म्हणाल्या. "तुम्ही रोइमाताची किंमत विचारत होता म्हणे?"

"विचारली! विचारण्यात काय पाप आहे? नाही म्हणाले, मी गप्प बसले. तुमच्या त्या फोटोनंच तर मला एवढ्या लांब खेचून आणलंय." बाईंनी पिशवीतून पेम्बर्टनच्या सहलीची पत्रिका काढली. मुखपृष्ठावर स्वतः आत्या होत्या. हाक नुकतीच संपली आहे, मूठ उघडली आहे आणि रोइमाता छातीवर आहे. छायाचित्रकाराच्या झगझगीत दिव्यामुळे टोपी चंद्रासारखी पांढरी दिसत होती. "फोटोत ही अशी, आणि काल पाहते तर काळीकुट्ट! मी म्हटलंसुद्धा. पेम्बर्टन तर बघतच राहिला. चेहरा असा उतरला त्याचा! जेवलासुद्धा नाही धड."

"त्याला कशाला वाईट वाटावं?"

"कोण जाणे. एरवी किती बोलका माणूस! बसमध्ये तुमच्या एकेक रीती सांगून आम्हांला हसवत होता. टेबलावर बसू नका, उशीवर बसू नका. आणि ते एक फार रंगवून सांगितलं त्यानं, की पूर्वजांच्या वस्तूला अन्न लागलं की ही माणसं तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत, डोळे मिटून पुरून टाकतात. म्हणाला, सोन्याची असली तरी!"

आत्यांनी पत्रिका मिटली. आडाखा चुकला होता. चोर अडाणी नव्हता. तो आमच्या रीती आमच्याइतक्याच जाणत होता.

त्यांनी बाहेर जाऊन प्रथम रोटोरुआच्या ठाण्यात फोन केला. मग त्या दफनभूमीकडे निघाल्या. तेथे कुदळीचे घाव पडू लागले होते.

४. फडक्याची गाठ

खड्ड्याच्या काठी काका बसले होते. पांढरी पुरचुंडी त्यांच्यासमोर दगडावर होती.

"काका, मला हे उघडून बघायचंय."

काकांनी दचकून मान वर केली. "वेड लागलं का तुला? अन्नाला लागलंय ते."

"म्हणूनच बघायचंय. पेटीतून निघाल्यापासून याच्याकडे नीट कुणी पाहिलंय? तुम्ही पाहिलंत?"

"कसं पाहणार?"

"मीही नाही पाहिलं. कुणीच नाही. कुणीतरी आधीच ओळखून होतं, की आपण पाहणार नाही."

काकांनी काठी जवळ ओढली. "पिरिहिरा, तू हाक घालणारी. विटाळलेल्या वस्तूला तू हात लावलास आणि तुझं म्हणणं खोटं ठरलं, तर मराएच्या दारात पुन्हा तुला उभं राहता येणार नाही. मला तुला थांबवावं लागेल. कळतंय ना?"

"कळतंय. तिकडे वहिनी सुऱ्या बांधून बसलीय, काका. तुम्ही तिच्याकडे न बघता तिला चोर ठरवलंत, तसंच याच्याकडे न बघता याला रोइमाता ठरवलंत."

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर ते शब्द चपराकीसारखे उमटले. त्यांनी तोंड फिरविले. परंतु या वेळी अडविण्यासाठी नव्हे.

"एक सांगा," आत्यांनी विचारले. "यंदा शंभरी आहे, रोइमाता खिळ्यावर टांगणार, हे गावाबाहेर कुणाकुणाला माहीत होतं?"

"कुणाला असणार? पाहुण्यांना इथं आल्यावर कळलं. तुकडीची तारीख ठरवायची म्हणून एका पेम्बर्टनला मी महिन्यापूर्वी कळवलं होतं."

आत्यांनी डोळे मिटून आईचे नाव घेतले आणि गाठ सोडली. हिरवा थेंब, काळी टोपी. समोरून सारे जसेच्या तसे. त्यांनी तो तळहातावर घेतला, उलटा केला, आणि ज्या ठिकाणी जन्मभर अंगठा विसावला त्या ठिकाणी अंगठा टेकविला.

त्यांचे ओठ घट्ट मिटले. त्यांनी ती वस्तू पुन्हा गुंडाळली आणि शेजारच्या नळावर हात धुतले.

"काय दिसलं?" काकांनी न वळता विचारले.

"निरोपाच्या वेळी सांगते. तोवर खड्डा खणत राहू द्या. कुदळीचा आवाज थांबला तर एक जण घाबरेल."

५. मध्येच सुरू झालेले गाणे

निरोपासाठी अंगणात दोन्ही बाजूंचे लोक समोरासमोर बसले. पाहुण्यांचे सामान गाडीपाशी रचले होते. रिरिपेती सर्वांत मागे, सुऱ्यांची पुरचुंडी मांडीवर घेऊन बसली होती. फाटकाबाहेर एक पोलिसांची गाडी येऊन थांबली. आत्यांच्या हाताखाली शिकलेला हवालदार उतरून कुंपणाला टेकला.

पेम्बर्टन बोलावयास उभा राहिला. त्याने छातीवर हात ठेवला.

"मित्रहो, आज सकाळी जे घडलं त्यानं माझं मन पिळवटून गेलं. पण मी राग धरून जाणार नाही. चूक माणसाकडूनच होते. गरिबीमुळे मोह होतो. या घराच्या पूर्वजांना साक्षी ठेवून सांगतो, मी त्या बाईंना क्षमा..."

त्याच क्षणी आत्या उठल्या आणि त्यांनी गाणे सुरू केले.

क्षणभर कोणास काही उमगले नाही. मग एकेक बाई उभी राहिली, सूर मिसळले, आणि ते गाणे लाटेसारखे वाढत पेम्बर्टनच्या शब्दांवर आदळले. तो हसण्याचा प्रयत्न करीत, हात हलवीत, तोंड उघडे ठेवून उभा राहिला. लांबलेले भाषण आवरणे ही थट्टा; परंतु नुकतेच सुरू झालेले तोडणे, यापेक्षा मोठा अपमान या अंगणात नाही, आणि तो हे पुरेपूर जाणत होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला तो त्यामुळेच.

गाणे संपले.

"क्षमा नंतर करा," आत्या म्हणाल्या. "आधी तुमच्याजवळचं आमचं द्या."

"काय बोलताय तुम्ही?"

"सांगते. पेटीतून निघाली ती रोइमाता नव्हती. तिची नक्कल होती."

जमावातून हुंकार उठला. आत्यांनी पांढरे फडके समोर उलगडले आणि चांदीची टोपी उलटी केली.

"ही बघा पाठ. सगळीकडून सारखी काळी. माझ्या आजीनं, आईनं आणि मी हाक घालताना इथं अंगठा फिरवलाय. खऱ्या टोपीला पाठीवर खळगा पडलाय, आणि तिथं वाफेला कधी बसायलाच मिळालं नाही, म्हणून तेवढी जागा आरशासारखी लखलखते. नक्कल करणाऱ्याला ते माहीत नव्हतं, कारण फोटोत फक्त समोरची बाजू आहे. या पत्रिकेवरच्या फोटोत."

"पत्रिका सगळ्यांकडे आहे!" पेम्बर्टन म्हणाला.

"आहे. पण फोटोत टोपी पांढरी दिसते, म्हणून नकलेलाही पांढरीच टोपी बसवली गेली. काल ती खिळ्यावर पाहून तुमचा चेहरा उतरला, साहेब. श्रीमती व्हिटलॉक यांनी तो पाहिला. पांढऱ्या टोपीची नक्कल काळ्या टोपीच्या जागी कशी खपणार? या गावात चांदी एका रात्रीत काळी करायची तर एकच जागा, वाफेची पेटी."

"माझ्या बांगड्या!" श्रीमती व्हिटलॉक ओरडल्या.

"तुमच्या बांगड्याच. चोरानं ती लपवायला पेटीत ठेवली नव्हती. काळी करायला ठेवली होती. आणि मक्याखाली ठेवली, कारण अन्नाला लागलं की आम्ही तिच्याकडे बघणार नाही, तशीच पुरून टाकू, आणि खोट्याचं खोटेपण मातीत जाईल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. वर माझ्या वहिनीच्या माथी चोरी मारली की सगळ्यांची तोंडं बंद! दाराशी झोपलेल्या हेनारेला रात्री ओलांडून जायला कितीसा वेळ? तुम्हीच झडतीला स्वयंपाकघर सुचवलंत. वस्तू मिळताच पोलीस नको म्हणालात. आणि खिळ्याची गोष्ट गावाबाहेर फक्त तुम्हांला कळवली होती."

"हे सगळे तर्क आहेत. माझ्या बॅगा तपासा! खुशाल तपासा!"

"बॅगा नकोत," आत्या म्हणाल्या. "चिखलाची बरणी आणा."

पेम्बर्टनने चटकन सामानाकडे पाहिले.

रिरिपेती कुंडातील चिखल बरण्यांत भरून विकते. चेहऱ्याला लावण्यासाठी पाहुणे तो नेतात. पेम्बर्टनने नऊ वर्षांत एकही बरणी घेतली नव्हती; काल प्रथमच घेतली होती. हेनारेने सामानातून ती शोधून आणली. झाकणाभोवती चिकटपट्टी गुंडाळलेली होती आणि पट्टीखालून राखाडी चिखल ओघळून वाळला होता.

"वहिनी, तू बरणी कुठवर भरतेस?"

मागून रिरिपेतीचा आवाज आला, प्रथम घोगरा, मग स्पष्ट. "गळ्याखाली बोटभर जागा सोडून. चिखल फुगतो म्हणून."

"ही झाकणापर्यंत भरून वर सांडली आहे. आत काहीतरी कोंबल्याशिवाय ती अशी भरत नाही. सकाळी तुमच्या रुमालावर चिखल होता, साहेब. कुंडाकडे तर कुणी गेलंच नव्हतं."

हेनारेने झाकण फिरविले आणि चिखल पाण्याच्या बादलीत ओतला. आत्या गुडघ्यावर बसल्या. त्यांनी बादलीत हात घातला, आणि हात बाहेर आला तेव्हा त्यांच्या अंगठ्याखाली काळ्या चांदीतील तो लहानसा लख्ख खळगा उन्हात झळकला.

"शेवटी एक दगडच तर आहे!" पेम्बर्टन किंचाळला. "परदेशात एक माणूस काचेच्या कपाटात जपून ठेवणार होता त्याला! इथं तुम्ही त्याला काय, वाफेत काळं करून..."

"चोरी तर पोटासाठीही लोक करतात," आत्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, तरी तो कुंपणापर्यंत पोहोचला. "मी तशी माणसं ठाण्यात पुष्कळ पाहिली, आणि त्यांच्यासाठी चहाही सांगितला. तुम्ही नऊ वर्षं आमच्यात बसून आमचा आदर कसा चालतो ते शिकलात, आणि त्याच आदराचा पडदा करून त्यामागून हात घातलात. आणि वर जी बाई तुम्हांला जेवू घालत होती, तिलाच क्षमा करायला निघालात!"

हवालदाराने पुढे येऊन पेम्बर्टनच्या खांद्यावर हात ठेवला. श्री. ओस्टरगार्ड दुर्बीण पुसत श्रीमती व्हिटलॉक यांच्याकडे वळून पुटपुटले, "बाई, मी उगाच तुमच्यावर संशय घेतला, माफी मागतो," आणि त्या म्हणाल्या, "केवढ्याला?" मग त्या स्वतःच हसल्या.

६. काकांचे भाषण

पाहुण्यांची गाडी त्या दुपारी सुटली नाही. रोइमातावर पाणी शिंपडून, प्रार्थना म्हणून तिला पुन्हा पणजीच्या तसबिरीखाली ठेवण्यात आले. नक्कल हवालदाराने पुराव्यासाठी नेली आणि खणलेला खड्डा रिकामाच बुजविला. मग सारे भोजनगृहात आले, कारण सकाळपासून कोणाच्या पोटात अन्न नव्हते.

परंतु टेबले रिकामी होती. रिरिपेती हातांची घडी घालून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सुऱ्यांची पुरचुंडी अद्याप सोडली नव्हती.

"भूक लागलीय, आई," हेनारे म्हणाला.

"लागू दे."

ती एरुएराकाकांकडे पाहत होती. आता सारेच त्यांच्याकडे पाहू लागले. काका टेबलाच्या टोकाशी काठी टेकून उभे राहिले. भोजनगृह ही भाषणाची जागा नव्हे; उभ्या आयुष्यात त्यांनी तेथे भाषण केले नव्हते.

"रिरिपेती," ते म्हणाले, "तीस वर्षं तुझ्या हातचं खाल्लं. सकाळी तू माझ्याकडे पाहिलंस आणि मी खाली पाहिलं. तुकड्या बंद होतील, मुलांची कामं जातील, असं मनात आलं. तुझं नाव त्याहून स्वस्त धरलं मी. गोऱ्यानं केलं ते चोराचं काम होतं. मी केलं ते..." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "मी केलं ते माझं काम होतं. मी वडील आहे. पिरिहिरानं धाडस केलं नसतं तर आज मी एका खोट्या दगडाला पणजीशेजारी पुरलं असतं आणि तुला जिवंतपणी..."

पुढचा शब्द बाहेर येईना. ओठ हलत राहिले.

तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून गाणे सुरू झाले. रिरिपेती एकटीच गात होती; डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि आवाज मात्र खणखणीत होता. मग आत्या उभ्या राहिल्या, मग दुसऱ्या बायका.

काकांनी सवयीने एक बोट उगारले. मग ते खाली बसले.

"किती लांबवायचं म्हणते मी," गाणे संपल्यावर रिरिपेती नाक पुसत म्हणाली, आणि तिने पुरचुंडीची गाठ सोडून सर्वांत मोठी सुरी बाहेर काढली. "हेनारे, बटाटे आण. आणि तो मका डुकरांना घाल."